सध्या काय वाचताय?

वाचनाची आवड असलेली दोन माणसं भेटली, की पाऊसपाणी आणि उसाचा दर यांवरच्या गप्पा आटोपल्यावर एक प्रश्न हमखास निघतो, ‘सध्या काय वाचताय?’ त्याच्या पाठोपाठ दुसरा, ‘नवीन काय घेतलंत?’ आमच्या उंब्रजच्या एसटी स्टँडवर, कराडच्या गाडीची वाट बघतानाही हे प्रश्न ऐकू येतात. ऐकायला अगदी साधे. ख्यालीखुशाली विचारावी इतके साधे. पण कृष्णाकाठच्या आणि एकूणच महाराष्ट्राच्या वाचनाचा इतिहास चाळला, तर या दोन प्रश्नांनी केवढं काम केलंय ते ध्यानात येतं. पुस्तकाचं दुकान फार उशिरा आलं. पुस्तक एका हातातून दुसऱ्या हातात गेलं ते कुणीतरी विचारलं आणि कुणीतरी सांगितलं म्हणून.

सुरुवात अगदी घराजवळून करू. उंब्रजला समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी एक मारुती आहे. मसूर, शहापूर, चाफळ हीदेखील त्याच मालिकेतली जवळची गावं. सतराव्या शतकाच्या मध्यावर समर्थ या खोऱ्यात वावरले. त्यांच्या ‘दासबोधा’तल्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास आहे ‘लेखनक्रिया निरूपण’. भक्तिज्ञानाच्या ग्रंथात हा समास चक्क हस्ताक्षरावर आहे. अक्षर गोल आणि मोकळं हवं, ओळी सरळ हव्यात, शाई काळी हवी. तरुणपणी हौसेनं बारीक अक्षर काढलं, तर म्हातारपणी स्वतःलाच वाचता येणार नाही, हा व्यवहारी इशाराही त्यात आहे. कागद, लेखण्या, पोथीची बांधणी, सगळ्याची काळजी त्यांनी वाहिली आहे.

त्यांना एवढा तपशील का द्यावासा वाटला? कारण त्या काळी पुस्तक ‘विकत घेणं’ ही सर्वसामान्यांच्या आवाक्यातली गोष्टच नव्हती. कुणाकडे एखादा ग्रंथ आहे हे कळलं, की तिथं जायचं, मुक्काम करायचा आणि उतरून घ्यायचा. म्हणजे ‘नवीन काय घेतलंत’ याऐवजी ‘नवीन काय उतरवलंत’ असाच प्रश्न असणार. मठामठांतून पोथ्या फिरल्या त्या अशाच. नक्कल करणाऱ्याचं अक्षर वाईट असेल, तर पुढच्या माणसापर्यंत ग्रंथ पोचायचाच नाही. सुवाच्य अक्षर ही पुढच्या वाचकाविषयीची माया होती.

पोथी लाल रुमालात बांधून ठेवायची आपली पद्धत. माझ्या घरी कुराण शरीफ जुजदानात गुंडाळून उंच फळीवर ठेवलेलं असे आणि वाचताना लाकडी रेहालवर उघडलं जाई. शेजारच्या घरातली पोथी आणि आमच्या घरातलं कुराण, दोन्हींचं बासन सोडायची अदब मला सारखीच दिसली. आणि गंमत बघा, कागद, शाई, कलम, दौत, दप्तर, रुमाल, जिल्द, किताब हे सारे शब्द फारसी-अरबी वाटेनं मराठीत आले आणि इथलेच झाले. पुढं निबंधमालाकार विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुण्यात पुस्तकांचं दुकान काढलं, तेव्हा त्याला नाव दिलं ‘किताबखाना’. मराठीच्या त्या कट्टर अभिमान्यालाही हा शब्द परका वाटला नाही.

मग छापखाना आला. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मराठी पंचांग छापलं. १८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ निघालं. छापलेल्या ग्रंथाला हात लावावा की नाही, अशी शंका त्या वेळी सोवळ्यातल्या मंडळींना होती. शाईत चरबी असते म्हणून. म्हणून गणपत कृष्णाजींनी धर्मग्रंथांसाठी तुपाची शाई वापरली, असं सांगतात. विटाळाची शंका हळूहळू फिटली, तरी पुस्तकाला गिऱ्हाईक मिळेना. पुस्तकं निघू लागली, घेणारे मात्र मूठभर. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून ‘प्रभाकर’ पत्रात शतपत्रं लिहिली आणि त्याच वर्षी पुण्यात ग्रंथालय उभं करण्यात पुढाकार घेतला. आजचं पुणे नगर वाचन मंदिर ते हेच. त्याआधी १८२८ मध्ये रत्नागिरीला ग्रंथालय सुरू झालेलं होतं. एकट्याला परवडत नाही ते दहाजणांनी मिळून घ्यावं, ही त्यामागची साधी युक्ती.

तरी घोर मिटला नव्हता. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि लोकहितवादी यांनी १८७८ च्या मे महिन्यात पुण्यात ग्रंथकारांना एकत्र बोलावलं. आजच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाची ती पहिली पायरी. आपण आज संमेलनाला उत्सव समजतो, पण त्या पहिल्या बैठकीमागची चिंता रोकडी होती : ग्रंथांचा प्रसार कसा व्हावा आणि ते लोकांपर्यंत कसे पोचावेत. मासिकांतून आणि वर्तमानपत्रांतून नव्या पुस्तकांची ओळख आणि ‘साभार पोच’ छापली जाऊ लागली, तीही याच गरजेतून. पुस्तकाचं नाव, लेखक, किंमत, मिळण्याचं ठिकाण. चार ओळींचा मजकूर, पण कुठल्यातरी आडगावचा शिक्षक तेवढ्यावरून मनीऑर्डर करायचा.

पण या बैठकीत कोण होतं आणि कोण नव्हतं, हे विचारल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. १८८५ च्या ग्रंथकार सभेचं बोलावणं आलं, तेव्हा महात्मा जोतीराव फुल्यांनी पत्र लिहून नकार कळवला. त्यांचं घराणं मूळचं आपल्या सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचं. ज्यांच्या ग्रंथांत सर्व माणसांच्या हक्कांना जागा नाही, त्यांच्या सभेशी आमचा मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा आशय होता. नुसतं भांडण म्हणून ते पत्र वाचू नये. ‘काय वाचता’ या प्रश्नाआधी ‘वाचायला कुणाला मिळतं’ हा प्रश्न असतो, एवढंच जोतीराव सांगत होते.

त्यांनी स्वतःची वाटही दाखवली होती. ‘शेतकऱ्याचा असूड’ त्यांनी १८८३ मध्ये पुरा केला, पण तो छापून यायची वाट बघत ते बसले नाहीत. गावोगावच्या लोकांना त्यांनी तो वाचून दाखवला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीही तो त्यांच्या तोंडून ऐकला. ज्याला अक्षर येत नाही, त्याच्यासाठी पुस्तक म्हणजे कुणीतरी सांगितलेलं पुस्तक. आपल्याकडचा फार मोठा वाचकवर्ग असा कानांनी वाचणारा होता, हे वाचनाच्या इतिहासात सहसा लिहिलं जात नाही.

सावित्रीबाई आपल्याच जिल्ह्यातल्या, खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. १० ऑक्टोबर १८५६ च्या त्यांच्या पत्रात फातिमाचं नाव येतं. आपण आजारपणात माहेरी आहोत, कामाचा सगळा भार फातिमावर पडला असेल, ही काळजी त्या पत्रात आहे. मराठीत लिहिणाऱ्या माझ्यासारख्या मुसलमान माणसाला त्या एका नावानं केवढा आधार दिलाय, ते कसं सांगू? फुल्यांच्या शाळेतल्याच मुक्ता साळवेचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. बक्षीस म्हणून खाऊ नको, आम्हाला ग्रंथालय द्या, असं ती म्हणाल्याचं सांगितलं जातं. जेमतेम चौदा वर्षांची मातंग समाजातली पोर. पुस्तक मिळालं तर एकटीला, ग्रंथालय मिळालं तर सगळ्यांना, हे तिला कळलं होतं.

या साध्या प्रश्नाचं सर्वांत मोठं उदाहरणही साताऱ्यातूनच निघतं. भीमराव आंबेडकरांचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी दाखल झालं. पुढं कुटुंब मुंबईला गेलं. परळच्या चाळीतली एकच खोली, तिथं अभ्यास व्हायचा नाही. म्हणून हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसे. तिथं कृष्णाजी अर्जुन केळुसकर येत. शिक्षक आणि चरित्रकार. रोज पुस्तकात मान घातलेला मुलगा पाहून त्यांनी चौकशी केली, आपुलकी वाढली, पुस्तकं देणं सुरू झालं. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र त्यांना भेट दिलं. त्या भेटीचा धागा पुढं किती लांब गेला, हे १९५६ च्या नागपूरनं पाहिलं.

यात रामजी सुभेदारांनाही विसरता येणार नाही. मुलानं पुस्तक मागितलं, की पैसे नसले तरी ते लेकीकडे जायचे. तिच्याकडे पैसे नसतील तर तिचा दागिना गहाण टाकायचे आणि पुस्तक आणायचे. पेन्शन हाती आली की दागिना सोडवून परत. ‘नवीन काय घेतलंत’ या प्रश्नाचं इतकं महाग उत्तर दुसरं कुठलं असेल? न्यूयॉर्कला शिकत असताना बाबासाहेबांनी पोटाला चिमटा काढून जुनी पुस्तकं जमवली. १९१७ मध्ये मायदेशी परतताना त्यांतली बरीच सामानाबरोबर वेगळ्या जहाजानं पाठवली, आणि युद्धाच्या धामधुमीत पाणतीराच्या माऱ्यानं ते जहाज बुडालं. तरी दादरच्या ‘राजगृहा’त त्यांनी पुन्हा हजारो ग्रंथ उभे केले.

आता पुन्हा आपल्या खोऱ्यात येऊ. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. ज्या घरात पाटी नव्हती तिथला मुलगा वाचू लागला. पण वाचता येऊ लागल्यावर वाचायचं काय? त्याचं उत्तर त्याच सुमाराला जवळच तयार होत होतं. कुंडल रोडच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगरांचा कारखाना उभा केला होता. तिथून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली. कारखान्याच्या बातम्या देणारं ते पत्र पाहता पाहता महाराष्ट्राचं आवडतं मासिक बनलं. १९३० मध्ये ‘स्त्री’, १९३४ मध्ये ‘मनोहर’. लोखंडाच्या भट्टीशेजारी मासिकांचा छापखाना! औंधात श्रीपाद दामोदर सातवळेकर १९१८ पासून स्वाध्याय मंडळ चालवत होते आणि त्या लहानशा संस्थानी गावातून वेदग्रंथ देशभर टपालानं जात होते. पुणे-मुंबईच्या बाहेर, ज्वारीच्या रानांतून हे चाललं होतं. बेचाळीसनंतर सातारच्या प्रतिसरकारनंही गावोगावच्या विधायक कामात वाचनालयांना जागा दिली.

या मुशीतून घडलेले यशवंतराव चव्हाण. देवराष्ट्र्याचा जन्म, कराडच्या टिळक हायस्कूलमधलं शिक्षण. १९३२ च्या कारावासात त्यांना वाचनाचा खरा सहवास लाभला. वडीलधारे सत्याग्रही वाचत, चर्चा करत आणि तरुणांच्या हाती पुस्तकं देत. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कृष्णाकाठ’ या आत्मचरित्रात त्यांनी हे मोकळेपणानं सांगितलं आहे. पुढं दिल्लीत मोठमोठ्या पदांवर असतानाही त्यांची पुस्तकखरेदी थांबली नाही. त्यांचा ग्रंथसंग्रह कराडला वेणूताई चव्हाण स्मारकात जपलेला आहे. एखाद्या माणसानं आयुष्यभर काय वाचलं, काय विकत घेतलं, याची कपाटं लोकांसाठी उघडी राहावीत, हे मला त्यांच्या पुतळ्यांपेक्षा मोठं स्मारक वाटतं. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ मध्ये झाला. गावोगावच्या वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे अनुदान मिळू लागलं. आज राज्यात अशी अकरा हजारांहून अधिक ग्रंथालयं आहेत.

माझी पिढी या वाचनालयांची. थोडी अनामत, थोडी मासिक वर्गणी आणि देवघेवीच्या खिडकीपाशी रांग. दारातल्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं असायचं : ‘नवीन दाखल झालेली पुस्तके’. पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेल्या तारखांच्या चिठ्ठीवरून ते किती हातांतून गेलं ते कळायचं. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठीला फराळाइतकीच गोड सवय लागली. एका घरानं एक अंक घ्यायचा आणि आळीत फिरवायचा. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणारे बाबूराव अर्नाळकर तर रोजच्या भाड्यानं मिळायचे. पानं गळालेली, कोपरे दुमडलेले, पण पुस्तक जिवंत.

आता माझ्या टेबलावरचं सांगतो, कारण इतरांना विचारायचं आणि आपण गप्प बसायचं हे बरं नव्हे. सध्या शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ पुन्हा वाचतोय. श्रीगोंद्याच्या या मुसलमान संतकवीनं सतराव्या शतकात मराठी ओवीत लिहिलेला हा ग्रंथ. रोज थोड्या ओव्या, घाई नाही. ‘कृष्णाकाठ’ उशाशी आहे. आणि अलीकडे कराडला एका प्रदर्शनात महात्मा फुले समग्र वाङ्मय घेतलं. साहित्य संस्कृती मंडळानं १९६९ मध्ये धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांच्या संपादनाखाली हा ग्रंथ पहिल्यांदा काढला. घरातली माझी प्रत कुणीतरी वाचायला नेली ती परत आली नाही. वाईट वाटलं नाही. कुठंतरी ती वाचली जात असेल.

हे सगळं उघडपणे सांगण्यामागं एक कारण आहे. आयुष्यात मला ‘सध्या काय वाचताय?’ असं पुष्कळांनी प्रेमानं विचारलं. पण कधीकधी दुसऱ्या सुरातही विचारणा झाली, ‘तुम्ही ज्ञानेश्वरी वाचता? तुमच्यात मराठी चालतं?’ विचारणारा दुष्ट नव्हता. माझ्या घरातलं कपाट त्यानं कधी पाहिलं नव्हतं, एवढंच. त्याला वाटत होतं, आमच्या फळीवर एकच ग्रंथ असणार. आणि आमच्यातल्या काहींनाही वाटतं, की समोरच्या घरात आपल्याविषयीचा रागच वाचला जात असणार. शेजारी काय वाचतो हे ठाऊक नसलं, की माणूस अंदाज बांधतो आणि असे अंदाज बहुधा वाईटच असतात. १९९० मध्ये सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, ते वेगळी चूल मांडायला नव्हे. शेख महंमदांपासून शाहीर अमर शेखांपर्यंतची आमची मराठी फळी सगळ्यांना दिसावी, हा माझ्या दृष्टीनं त्याचा अर्थ होता.

म्हणून मला वाटतं, वाचलेलं सांगणं ही मिरवण्याची गोष्ट नाही. ती शेजारधर्माची गोष्ट आहे. पुस्तकं आज पूर्वीपेक्षा सहज मिळतात, फोनवर बोट ठेवलं की घरपोच येतात. पण ती बंद खोक्यातून येतात आणि बंद कपाटात जातात. घरातलं वडीलधारं माणूस गेलं, की त्याची पुस्तकं किलोच्या भावानं रद्दीत निघतात, कारण त्यानं काय आणि का वाचलं हे घरात कुणी विचारलेलंच नसतं.

वाट बंद झालेली नाही. महाबळेश्वरजवळच्या भिलारला ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचं गाव’ सुरू झालं. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावाचं उदाहरण डोळ्यांसमोर होतं, पण फरकही आहे. तिथं जुन्या पुस्तकांची दुकानं, तर इथं स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या गावकऱ्यांनी स्वतःच्या घरांतल्या खोल्या वाचकांसाठी उघडल्या. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं २००९ पासून ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजना चालवली. पुस्तकांची एक पेटी वाचकांच्या गटात फिरवायची आणि मग दुसऱ्या गटाच्या पेटीशी अदलाबदल करायची. या पेट्या दुबईच्या मराठी कुटुंबांपर्यंत पोचल्या. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी शंभर वर्षांपूर्वी फिरत्या ग्रंथपेट्या खेड्यांत पाठवल्या होत्या, त्याच घराण्यातली ही युक्ती.

एवढं मोठं काही जमलं नाही, तरी थोडं करता येईल. शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या, दूध डेअरीच्या भिंतीवर एक फळा असतोच. त्यावर दुधाच्या फॅटच्या दराशेजारी एक ओळ लिहायला जागा निघेल : या महिन्यात कुणी काय वाचलं. मशिदीजवळच्या घरानं लिहावं, मारुतीजवळच्या घरानं लिहावं. बचत गटातल्या बायांनी लिहावं आणि दहावीतल्या पोरानं लिहावं. लिहिता येत नसेल त्यानं ऐकलेलं सांगावं, दुसऱ्यानं लिहून घ्यावं. फळा भरला की पुसावा आणि पुन्हा लिहावा.

केळुसकरांनी बागेतल्या त्या मुलाला विचारलं, तेव्हा तो पुढं कोण होणार हे त्यांना ठाऊक नव्हतं. आपल्यालाही ठाऊक नसतं. विचारायला मात्र काही खर्च येत नाही. तेव्हा बोला, सध्या काय वाचताय?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)